मसुरीएवढं

तळघरात भट्टी घरघरते. बाहेर उणे एकतीस.
धान्याचं कोठार, मग कुंपण, मग काहीच नाही.
सस्कॅचेवानात हे काहीच नाही फार लांबवर दिसतं.

हरणांचा हंगाम संपला.
पुढच्या हंगामाची काडतुसं लोक आत्ताच भरतात,
रात्री एवढ्या मोठ्या, आणि करायचं काय.
बाबांच्या टेबलाला बोल्टांनी जखडलेलं यंत्र
एक हात वर करून उभं,
वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखं.

लोकरीचा स्वेटर मी वर काढून ठेवला.
(एक ठिणगी पुरते, डार्का. तुझ्या अंगावरचीसुद्धा.)
चष्मा घातला. पितळी नळकांडी पुसून रांगेत मांडली
आणि प्राइमरसाठी फडताळ उघडलं.

मसुरीच्या डाळीएवढी टिकली. तिच्यावर सगळा खेळ.
"दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी," बाबा म्हणायचे,
"स्वभाव डब्याला विचारायचा."
हिचं कवच पातळ:
मिरॉनकाकाच्या त्या जुन्या रशियन बंदुकीत बसवलीस
तर दार मिटता मिटताच बोलून जाईल,
चापाला बोटही न लागता.
ही तापट, मॅग्नम:
हिला आणलीस तर दारूचं माप कालचं ठेवू नकोस,
वहीत मागे जा, पायथ्यापासून चढ.
आणि डब्यातून ओतायच्या नाहीत कधी.
तिथं प्रत्येकीला आपापली खोली आहे.
एकत्र आल्या की एकीची बातमी
सगळ्यांना एका क्षणात.

वीस वर्षं शाळेची बस चालवली त्यांनी.
मुलं मोजल्याशिवाय गाडी हलली नाही.

फडताळात दोन डबे, पुठ्ठ्याचे, कोपरे शाबूत.
त्यांच्यामागे, काकड्यांच्या लोणच्याला टेकून,
सस्कटून बेरीच्या जामची बरणी.
झाकणावर आईचं अक्षर: ऑगस्ट २०११.
आत जाम नव्हता.

पिवळ्या, पांढुरक्या, शंभर असतील, दीडशे असतील,
साऱ्या एकीवर एक.
कुणाचा स्वभाव काय, सांगायला डबा नाही.

मी हात मागे घेतला, वही घेतली.
चौदा मार्च: *मोठे, रायफलचे, साधे.*
वीस मार्च: *मोठे, रायफलचे,*
आणि पुढे स्वल्पविराम, मग कोरं.

आम्ही समजत होतो, सुरुवात पुढच्या नाताळात झाली,
साखरेच्या डब्यात त्यांनी कॉफी भरली तेव्हा.
हसलो होतो सगळे.

खोटं कशाला सांगू, मोहही झाला.
दुकानांतून प्राइमर गायब होते त्या वर्षी
याच टिकल्यांसाठी ते दोनशे किलोमीटर गेले होते.
रंगावरून ओळखता येतील का, असं
अर्धा मिनिट मी खरोखर बघत राहिले.
मग दिवा चालू ठेवूनच वर आले
आणि क्लबच्या टारसला फोन केला.
"झाकण फिरवू नकोस," तो म्हणाला. "हलवू नकोस.
पोलिसांना मी सांगतो, त्यांचा माणूस येईल."
मग जरा थांबून:
"ओरेस्तनं? *ओरेस्तनं* ओतल्या?"

रविवारी यॉर्कटनला गेले, वृद्धनिवासात.
बरणीचं काढायचं नव्हतं, काढलं नाही.
रस्ता कसा होता ते सांगितलं, बर्फाचं सांगितलं.
त्यांनी मला मिरॉनकाकाची मुलगी म्हटलं,
मी हो म्हटलं.
मग त्यांचं बोट माझ्या कोटाच्या बटणावर आलं,
पेरानं हळूच एकदा, आडवं,
डोळे मिटून, पुन्हा एकदा.

"वर राहिलंय," ते म्हणाले.
"केसभर आत हवं.
काढ, पुन्हा बसव."